कपातला गाळ

१

मोठे साहेब मेले ते स्वतःच्याच कारखान्यातल्या भोपळ्याने. जन्मभर त्यांनी भाज्या सुकवल्या, दळल्या, डब्यांत भरून विकल्या आणि शेवटी एक कप सूप श्वासनळीत जाऊन गुदमरले. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांना पातळ काही गिळता येत नव्हतं. पाणीसुद्धा दाट करून द्यावं लागे. त्या सकाळी त्यांच्या घशात गेलेलं सूप पातळ होतं, एवढं डॉक्टरांनी लिहून दिलं होतं.

मला हे कळलं बहिणीकडून. माझी धाकटी बहीण नर्सेस ब्यूरो चालवते. ती फोन न करता दारात उभी राहिली की समजावं, पाणी गळ्याशी आलंय. त्या दिवशी ती एकटी नव्हती. मागे पस्तिशीची एक बाई मान खाली घालून उभी होती.

"ही आमची सिस्टर," बहीण म्हणाली. "साहेबांकडे दोन वर्षं हीच होती. आता मुलाने तक्रार केलीय. सूप हिने पातळ केलं म्हणे. परवा चौकशी आहे. नोंदणी रद्द होईल, वर पोलीस केस. तू त्या पुडी-बिडी शिकवायचीस ना कॉलेजात? काहीतरी बघ."

"मी अन्नप्रक्रिया शिकवायचे," मी म्हटलं. "पुड्या वाणी बांधतो."

बहीण हसली नाही, तेव्हा प्रकरण किती गंभीर आहे ते मला कळलं. मी चहा ठेवला. सिस्टर मदतीला आली. तिने साखरेचा चमचा भरला, कपावर नेला, परत डब्यात ओतला आणि पुन्हा भरला. तिसऱ्यांदा ओतायला लागली तेव्हा मी तिच्या हातातून चमचा घेतला.

"असंच होतं आता," ती म्हणाली. "माप बरोबर घेतलं का, कळतच नाही."

"त्या दिवशी घेतलं होतंस?"

"घेतलं होतं असं वाटत होतं. पण ताईंनी समजावून सांगितलं, की डब्यातली पूड एकदम चांगली आहे. म्हणजे मीच कमी घातली असणार. त्या शिकलेल्या आहेत, त्यांना यातलं कळतं. चुकला असेल माझा हात."

ताई म्हणजे साहेबांची लेक. मी विचारलं, सूप कसं करायचीस. ती शाळेतल्या धड्यासारखं बोलू लागली. कपभर कोमट पाण्यात एक सपाट माप पूड, ढवळून जरा थांबायचं, चमचा वाकडा केला की गोळा पडला पाहिजे, धार लागता कामा नये. त्या दिवशीही तिने चोचीच्या कपात सूप करून पलंगाशेजारी ठेवलं आणि गच्चीवर वाळत घातलेली चादर आणायला गेली. खाली येते तो आजी, म्हणजे साहेबांची बायको, त्यांना सूप पाजत होत्या आणि साहेब निळे पडत होते. तिने धावत जाऊन त्यांना पुढे वाकवलं, पाठीवर थापट्या मारल्या. ते तिच्या अंगावर खोकले. तेवढंच.

"अंगावर म्हणजे कशावर?"

"एप्रनवर. तो अजून धुतला नाही मी. धाडसच होत नाही."

एप्रन तिच्या पिशवीत, तळाशी चुरगळून ठेवलेला होता. मी तो खिडकीशी नेला. छातीवर मोठा डाग, झेंडूसारखा केशरी. मधोमध बारीक रवाळ कण, आणि भोवती पाणी पसरून गेल्याची फिकी कड. मी कापड बोटांत चोळलं. मऊ होतं.

"पूड दिसायची कशी?" मी विचारलं.

"तपकिरी. पापडाच्या चुऱ्यासारखी."

मी बहिणीकडे पाहिलं. "साहेबांच्या लेकीला फोन लाव. म्हणावं, माझी बहीण येतेय."

२

ती लेक माझी विद्यार्थिनी निघाली. घरात तिला छोटी म्हणतात, आता चाळिशी उलटली तरी. कॉलेजात आम्ही तिला चाळणी म्हणायचो, कारण प्रत्येक नमुना ती दोनदा चाळून घ्यायची आणि माणसंही तशीच. माझ्या हाताखालून जी मुलं गेली त्यांत हिच्याइतकी काटेकोर दुसरी नाही. फोनवर ती म्हणाली, "बाई, या ना. फक्त एक करा. आईसमोर ठसक्याचा विषय काढू नका. आम्ही तिला हार्ट बंद पडलं म्हणून सांगितलंय. सिस्टरवर तक्रार केलीय, तेही तिला माहीत नाही." मी शब्द दिला.

घर कारखान्याला लागूनच होतं. मधल्या अंगणात शिजलेल्या गाजराचा वास कोंडलेला. मुलगा दारात भेटला. हा छोटीचा थोरला भाऊ, सध्याचा मालक. नव्या शर्टाची घडी मोडू नये अशा बेताने वावरणारा.

"चौकशी परवा आहे," तो म्हणाला. "तुम्ही कोणाकडून?"

"सिस्टरकडून."

"मग काय, आलंच. आमचा माणूस गेला आणि चौकशी आमचीच."

"त्या सकाळी तुमचं आणि वडिलांचं वाजलं होतं, असं ऐकलं."

त्याचा चेहरा उतरला. सिस्टरने हे सहज बोलता बोलता सांगितलं होतं. साहेब चांगल्या हाताने पलंगाची कड बडवत होते म्हणे.

"तो भाजी सुकवायचा जुना ड्रम भंगारात काढायचा म्हणत होतो," तो म्हणाला. "वाफेवर चालतो, जागा खातो, आणि माल काय निघतो? तपकिरी. दोन नंबर. आता गिऱ्हाइकाला रंग लागतो. मी गोठवून सुकवायचं नवं यंत्र आणलं, त्यातली पूड बघा, भोपळा कापल्यासारखा रंग. पण बाबांचा जीव त्या ड्रमात. बोलता येत नव्हतं तरी मानेने नाहीच म्हणायचे." मग त्याने माझ्याकडे रोखून पाहिलं. "म्हणून काय मी बापाला मारीन?"

"मी कुठे म्हटलं?"

"तुमच्या तोंडावर लिहिलंय."

माझ्या तोंडावर कायमच काही ना काही लिहिलेलं असतं, त्याला माझा इलाज नाही.

आजारी माणसाची खोली अजून तशीच होती. डबा कपाटावर. झाकण उघडलं तर आत तपकिरी पापुद्र्यांचा चुरा, शिजवलेल्या भोपळ्याचा गोडसर वास. मी सिस्टरच्या पद्धतीने कोमट पाणी घेतलं, एक माप घातलं, ढवळलं. बघता बघता त्याची खीर झाली. चमचा वाकडा केला, गोळा पडला.

"बघा," मुलगा म्हणाला. "पुडीत दोष नाही. राहिलं कोण?"

खरं सांगते, त्या क्षणी मलाही सिस्टरची बाजू लंगडी वाटली. कप धुवावा म्हणून मी न्हाणीघरातल्या बेसिनकडे गेले. नळ सोडला. पाणी खाली जाईना, वर चढू लागलं.

"ते तुंबलंय," मुलगा बाहेरून ओरडला. "बाबा गेले त्याच दिवसापासून. संकटं एकटी येत नाहीत."

मी नळ बंद केला. पाणी थेंबाथेंबाने ओसरलं, तशी बेसिनची जाळी दिसली. जाळीच्या भोकांवर तपकिरी चिकट साय धरली होती, आणि वरच्या कडेला तीच वाळून कागदासारखी सुटत होती. मी नखाने ती खरवडून रुमालात घेतली. मुलगा माझ्याकडे वेड्या बाईकडे बघावं तसा बघत होता.

३

छोटी प्रयोगशाळेत होती. पांढरा कोट, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. माझ्या पाया पडायला वाकली, मी तिला वरच्यावर धरलं. टेबलावर बाटल्यांची रांग होती. पालक, बीट, गाजर, भोपळा. प्रत्येकाच्या दोन दोन.

"एकाच भाजीच्या दोन कशाला?" मी मुद्दाम विचारलं.

"तुम्हीच शिकवलंय, बाई." ती क्षीण हसली. "ही ड्रमवरची. भोपळा आधी शिजवायचा, लगदा करायचा, तापलेल्या रुळावर पसरायचा, कागदासारखा निघाला की चुरायचा. पिष्ट आधीच शिजून फुललेलं असतं. म्हणून कोमट पाणी मिळालं तरी पटकन शोषून घेते, दाट होते. रंग मात्र जातो. आणि ही गोठवून सुकवलेली. कच्चीच गोठवायची, त्यातलं पाणी ओढून घ्यायचं, मग बारीक दळायची. रंग, वास, सगळं शाबूत. पण पिष्टाचे दाणे मिटलेले. चांगली उकळल्याशिवाय दाट होत नाही."

"म्हणजे भोपळा तोच, गुण वेगळे."

"संस्कारांवर आहे," ती म्हणाली. चांगल्या विद्यार्थिनीचं उत्तर होतं.

"बाबांना तुझ्या हातची पूड होती?"

"मीच करून द्यायची. दर वेळी स्वतः तपासून." तिचा आवाज ओला झाला. "दोन वर्षं, बाई. एकदाही ठसका लागला नव्हता त्यांना."

"मग त्या दिवशी काय झालं?"

"मी आवाज ऐकून धावले. सिस्टरने बाबांना वाकवलेलं. कप स्टुलावर होता. मी उचलून पाहिला. वर नुसतं पाणी, तळाशी गाळ बसलेला. पाहिल्याबरोबर कळलं, माप कमी पडलंय. मी नंतर सिस्टरला शांतपणे समजावलं. ओरडले नाही हां मी. माणूस आहे, होतं."

"कप कुठाय?"

"धुतला. कोणीतरी धुवायलाच हवा होता ना."

बोलताना ती बाटल्यांची झाकणं घट्ट करत होती, आधीच घट्ट असलेली. तिच्या बोलण्यात काहीतरी खटकलं, पण काय ते धरता येईना. जिभेवर आलेला शब्द निसटावा तसं झालं.

"तुझ्या आईला भेटू?"

झाकणावरचा तिचा हात थांबला. "भेटा. पण बाई, तुम्ही मला शब्द दिलाय."

४

आजी खिडकीत बसून शेंगा सोलत होत्या. सत्तरी ओलांडलेली, किरकोळ अंगाची, पण हात झपाझप चालत होते. मला पाहून त्यांनी निम्म्या शेंगा माझ्यापुढे सरकवल्या. मीही सोलू लागले. बायकांना बोलतं करायचं तर त्यांच्या हातातलं काम वाटून घ्यावं.

"छोटीच्या बाई ना तुम्ही? फार सांगायची तुमच्याबद्दल. खडूस आहेत म्हणायची."

"खरं सांगायची."

त्या हसल्या. मग आपोआप साहेबांवर आल्या. दोघांनी मिळून हा कारखाना काढला होता. पहिला ड्रम साहेब चालवायचे, आणि माल निवडायच्या टेबलावर आजी. "हाताखाली बायका होत्या, पण डोळा माझा. उजळ माल इकडे, काळवंडलेला तिकडे. एक नंबर, दोन नंबर. रंग बघून मी अजून डोळे मिटून सांगेन," असं म्हणाल्या आणि आपणच आपल्या बोलण्यावर हसल्या.

"घरी कोणता यायचा?"

"घरी? इश्श. एक नंबर विकायचा असतो, बाई. दुकानदाराच्या घरी कधी चांगली भाजी शिजलीय का? उरलंसुरलं, करपलेलं, फुटकं, ते आपलं. जन्मभर दोन नंबरच खाल्लं आम्ही. पोरांना पण तेच घातलं. आणि आजारी पडले तरी यांच्या नशिबी तेच. ती तपकिरी लापशी. मालक कोण, आणि कपात काय!"

"पण ती मुद्दाम तशी करायचे ना? डॉक्टरांनी..."

"हो, छोटी सांगायची काय काय. मला नाही त्यातलं समजत." त्यांनी एक कीड लागलेली शेंग बाजूला टाकली. "सिस्टर मात्र गुणी पोरगी. न भेटताच गेली हो. पगार नीट दिला की नाही आमच्या मुलाने, कोण जाणे. तुम्हाला भेटली तर सांगा, आजी आठवण काढते."

मी मान खाली घालून शेंग सोलली. माझा राग त्या वेळी नेमका कोणावर होता, ते मलाही ठरवता येत नव्हतं.

"जाऊ दे," आजी म्हणाल्या. "गेले ते चांगलं खाऊन गेले, एवढंच समाधान."

मी हातातली शेंग खाली ठेवली.

५

घरी येऊन मी स्वयंपाकघरात मांडामांड केली. छोटीकडून दोन्ही प्रकारची पूड मागून आणली होती. पहिल्या कपात ड्रमची पूड, अर्धंच माप. ढवळून ठेवलं. बराच वेळ गेला. कपात पेजेसारखं पातळ, पण वरपासून खालपर्यंत एकसारखं. तळाशी काहीही नाही.

दुसऱ्या कपात गोठवलेली, पूर्ण माप. ढवळताना वाटलं, झालं की दाट. पण थांबले तसे कण खाली बसू लागले. वर पाणी, तळाशी केशरी गाळ.

मग छोटीचं वाक्य सापडलं. वर नुसतं पाणी, तळाशी गाळ. पापुद्र्याची पूड कमी पडली तर सूप पातळ होतं, गाळ बसत नाही. फुललेलं पिष्ट पाण्याला सोडत नाही. हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही ठाऊक असतं. छोटी खोटं बोलायला बसली, पण डोळ्यांनी पाहिलेलं खरं तोंडातून निसटलं.

दोन्ही सूपं मी जुन्या फडक्याच्या दोन टोकांना लावून वाळवली. ड्रमच्या सुपाचं टोक खळ दिल्यासारखं कडक झालं. दुसरं मऊ राहिलं, डाग केशरी, भोवती पाण्याची कड. तोच एप्रन.

रुमालातली साय मी बशीत घेऊन पाणी शिंपडलं. ती फुगली, बुळबुळीत झाली, तपकिरी. सिस्टरने केलेलं सूप इथे होतं. पुरेसं माप, पुरेसं दाट. इतकं दाट, की बेसिनच्या जाळीतून उतरलंच नाही. तिचा हात चुकलाच नव्हता. तिने सूप ठेवलं, चादर आणायला गेली, आणि तेवढ्यात कोणीतरी ते बेसिनमध्ये ओतून त्याच कपात दुसरं केलं.

कोणी? खून करणारा मुलगा असता तर त्याने रंग जुळवला असता. केशरी पूड घालून जाहिरात कशाला करील? छोटीने तर नाहीच, मारायचंच असतं तर तिला न सापडणाऱ्या दहा वाटा माहीत होत्या. हे सूप करणाऱ्याला काही लपवायचं नव्हतं. त्याला ते चांगलं करायचं होतं. ज्याला दाटपणातलं काही कळत नाही पण रंगातलं सगळं कळतं, असं त्या घरात एकच माणूस होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी प्रयोगशाळेत गेले. बशी, फडकं आणि दोन कप टेबलावर ठेवले. काही बोलावं लागलं नाही. छोटी बघत राहिली आणि मग खाली बसली.

"दिवाणखान्यात गिऱ्हाइकांना दाखवायची पाकिटं असतात," ती म्हणाली. "एक फोडलेलं होतं. कप पाहिला आणि लगेच कळलं मला. आई पायथ्याशी उभी होती, बाबांचा पाय चोळत. ती म्हणाली, 'आवडलं गं त्यांना, एका दमात घेतलं.' बाई, मी काय करायला हवं होतं?"

"पाकिटाचं काय केलंस?"

"जाळलं."

"आणि सिस्टरला बसवून समजावलंस, की तुझा हात चुकला."

"आईला कळलं तर ती जगणार नाही. पन्नास वर्षांचा संसार! तिने लाडाने..." तिने समोरची बशी बाजूला सरकवली. "सिस्टर तरुण आहे. तिला दुसरं काम मिळेल. दादाने तक्रार केली ते मला नको होतं, पण त्याला तरी काय सांगू?"

माझं डोकं फिरलं. चोर सोडून संन्याशाला सुळी देतात ते लोक तरी अडाणी असतात. ही माझ्या हाताखाली शिकलेली. हिने आपलं सगळं शास्त्र एका गरीब बाईला स्वतःच्या हातावर संशय घ्यायला लावण्यात खर्च केलं होतं.

"ती साखरेचा चमचा तीन तीनदा भरते, छोटे. तू पाहिलंयस का तिला?"

ती रडत होती. मला तिची दया आली आणि आल्याचा रागही आला.

"उद्या सिस्टर सुटली पाहिजे," मी म्हटलं. "कशी, ते तू ठरव. नाही ठरवलंस तर हे कप मी ठेवीन डॉक्टरांपुढे."

६

चौकशीच्या डॉक्टरांना खोली आणि डबा पाहायचा होता, म्हणून बैठक घरातच झाली. दिवाणखान्यात आम्ही सगळे. डॉक्टर, मुलगा, छोटी, मी, बहीण, आणि दाराजवळच्या खुर्चीच्या अगदी कडेवर सिस्टर. आजींना आतल्या खोलीत निजवलंय, असं छोटीने सांगितलं होतं.

डॉक्टरांनी सिस्टरला विचारायला सुरुवात केली. ती उठून उभी राहिली. "माप मीच..." एवढं ती म्हणाली, आणि छोटी मधेच बोलली.

"डॉक्टर, तिने काही केलं नाही. सूप मी बदललं."

मुलगा ताडकन उठला. छोटी त्याच्याकडे न बघता बोलत राहिली. नव्या यंत्रातली पूड बाबांना चालते का ते पाहायचं होतं. सिस्टरचं सूप ओतून दिलं, नवं केलं. ते दाट होणार नाही हे लक्षात यायला हवं होतं, आलं नाही. त्या पातळ सुपामुळे बाबा गेले. त्यानंतर घाबरून सिस्टरवर ढकललं. कारखान्यातून उद्याच बाजूला होते, जी शिक्षा असेल ती द्या. स्वच्छ, मुद्देसूद. परीक्षेत लिहावं तसं.

मी गप्प बसले. खोटं होतं, पण त्याची किंमत ती स्वतः मोजत होती. सिस्टर सुटत होती. मला वाटलं, चालेल.

"अगं, पण सूप तर मी बदललं."

आजी आतल्या दारात उभ्या होत्या. केस सुटलेले, हात चौकटीवर.

"आई, तू आत जा."

"तू कुठे होतीस तेव्हा? तू तर तिकडे प्रयोगशाळेत होतीस. ते पाकीट मी फोडलं. म्हटलं, एक दिवस तरी एक नंबर पिऊ दे त्यांना." त्या गोंधळून एकेकाकडे पाहू लागल्या. "पातळ सुपामुळे गेले म्हणजे? हार्ट होतं ना?"

मुलगा जमिनीकडे पाहत होता. छोटीने आईला वाचवायला जे सांगितलं, त्यातूनच आईला कारण कळलं होतं, आणि ते आता परत घेता येणार नव्हतं.

आजींना कळायला फार वेळ लागला नाही. त्या चौकटीला धरून हळूहळू खाली बसल्या.

"रंग किती चांगला होता," त्या म्हणाल्या. "किती चांगला रंग होता हो."

सगळ्यांत आधी उठली ती सिस्टर. तिने आजींना धरून आत नेलं, पलंगावर टेकवलं, नाडी पाहिली. दोन वर्षांची सवय. डॉक्टरही मागोमाग आत गेले. थोड्या वेळाने बाहेर येऊन त्यांनी सिस्टरला सांगितलं, तिच्यावर काहीही ठपका राहणार नाही. ती बरं म्हणाली आणि पिशवी उचलून पायऱ्यांकडे निघाली.

छोटी तिच्यामागे अंगणात धावली. मीही गेले. छोटीने तिचे दोन्ही हात धरले आणि क्षमा मागितली, तोंडाला येईल त्या शब्दांत.

सिस्टरने हात सोडवून घेतले. "ताई, मी घरी सांगितलंय. नवऱ्याला, मुलीला. माझ्या हातून माणूस मेला म्हणून. मुलगी आठ वर्षांची आहे. आता मी तिला औषध द्यायला गेले की ती म्हणते, बाबा देतील. तुम्ही माझ्या घरी या. तिला सांगा, ते खोटं होतं."

"येते," छोटी म्हणाली. "आत्ता येते. चल."

तेवढ्यात आतून आजींची हाक आली. माणसाची वाटू नये अशी हाक. छोटी वळली, सिस्टरकडे पाहिलं, पुन्हा दाराकडे पाहिलं, आणि आत धावली. मी तिला दोष देऊ शकत नाही. देते, तरीही.

सिस्टर फाटकाशी बराच वेळ उभी राहिली. छोटी आली नाही. शेवटी मी जवळ गेले आणि म्हटलं, "मी येते. मी सांगते तुझ्या मुलीला. मी सिद्ध करून दाखवीन, दोन कप मांडून."

"नको, बाई," ती म्हणाली. "तुम्ही माझ्या बाजूच्या. तुमचं तिला पटणार नाही."

मग ती फाटक लावून एकटीच गेली.